माशांची खानेसुमारी

१९१३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या मुखाशी मासे ठेवायला जागा उरली नव्हती. तिथल्या स्टीव्हस्टन गावातल्या मासे डबाबंद करणाऱ्या कॅनऱ्या दिवसरात्र चालत होत्या. मासे साफ करणारे चिनी मजूर आणि डबे भरणाऱ्या आदिवासी बायका पाळीमागून पाळी उभ्या होत्या, तरी धक्क्यावरचा ढीग हलेना. शेवटी कॅनरीवाल्यांनी नावेमागे इतकेच मासे घेऊ अशी मर्यादा घातली आणि वरची मासळी पुन्हा पाण्यात गेली. हंगामअखेर हिशेब झाला तेव्हा कॅनडा आणि शेजारचा अमेरिकन किनारा मिळून फ्रेझरच्या सॉकाय सॅल्मनच्या सुमारे २४ लाख पेट्या भरल्या होत्या. एका पेटीत एकेका पौंडाचे ४८ डबे. म्हणजे जवळपास तीन कोटी मासे. एवढा माल फ्रेझरने त्याआधी कधी दिला नव्हता आणि नंतर आजवर दिलेला नाही.

त्याच उन्हाळ्यात, मुखापासून दोनशेएक किलोमीटर आत, याच नदीच्या एका अरुंद घळीत सॉकायच्या झुंडी अडकून मरत होत्या. कॅनऱ्यांच्या वह्यांत ते वर्ष विक्रमी ठरलं. नदीच्या वरच्या अंगाला ते सर्वनाशाचं होतं. त्यातली दुसरी गोष्ट आपल्याला कळली, कारण तेव्हा काही माणसं दरवर्षी वरच्या तळ्याओढ्यांवर जाऊन अंडी घालायला किती मासे पोचले याची नोंद ठेवत होती. ती नोंद नसती तर चार वर्षांनी मासे का आले नाहीत, याचं कारण लोक समुद्रात शोधत बसले असते.

सॉकायचं आयुष्य थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं गणित कळणार नाही. पिल्लू गोड्या पाण्यात जन्मतं, बहुधा एक वर्ष तळ्यात काढतं आणि मग समुद्रात उतरतं. चौथ्या वर्षी ते बहुतेक आपल्या जन्माच्याच ओढ्याकडे परत येतं. नदीत शिरल्यावर सॉकाय काही खात नाही. अंगातल्या चरबीवर शेकडो किलोमीटर प्रवाहाविरुद्ध चढतो. वाटेत चंदेरी अंग लाल होतं, डोकं हिरवं पडतं, नराला पोक येतो. मादी शेपटीने खडीत खळगा करून तीन-चार हजार अंडी घालते, आणि काही दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. चरबीचा साठा मोजकाच असल्यामुळे वाटेत आठवडाभराचा खोळंबाही जिवावर बेततो. आणि एका पिढीचं नुकसान झालं, तर त्याचा पुरावा हाती यायला चार वर्षं थांबावं लागतं.

फ्रेझरमध्ये या चार वर्षांना आणखी एक खोड होती. चारांतलं एक वर्ष प्रचंड मोठं, बाकीची किरकोळ. १८९७, १९०१, १९०५, १९०९, १९१३ ही मोठी वर्षं. कॅनरीवाले डब्यांच्या पत्र्याच्या ऑर्डरी याच हिशेबाने देत.

या नदीवर मोजणीची शिस्त आणली जॉन बॅबकॉक यांनी. कॅलिफोर्नियातून आलेले हे गृहस्थ १९०१ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे मत्स्य-अधिकारी झाले. मुखाशी बसून पेट्या मोजण्यापेक्षा विणीच्या जागा पाहायला हव्यात हा त्यांचा आग्रह. दरवर्षी ते वर जात, तळी आणि ओढे पाहत आणि अहवाल लिहीत. सगळीकडे आकडे मिळत नसत; पुष्कळ ठिकाणी ‘गेल्या खेपेपेक्षा बरे’, ‘फारच थोडे’ असे शेरे असत. एका जागी मात्र नेमकी मोजणी शक्य होती. क्वेनेल तळ्याच्या तोंडाशी सोन्याच्या खाणवाल्यांनी धरण बांधलं होतं. त्या धरणातून माशांसाठी वाट काढली गेली, आणि त्या वाटेवर माणूस बसवला की वर जाणारा मासा मोजता येई. १९०९ मध्ये तिथून सुमारे ४० लाख सॉकाय गेले. हा आकडा लक्षात ठेवावा.

मासे अडकून मरत होते त्या घळीचं नाव हेल्स गेट. शोधक सायमन फ्रेझर १८०८ साली याच मार्गाने खाली उतरला आणि इथे माणसाने पाऊल टाकू नये अशा अर्थाची नोंद त्याने करून ठेवली. दोन लाखांहून जास्त चौरस किलोमीटरच्या खोऱ्याचं पाणी इथे जेमतेम पस्तीस मीटर रुंदीतून जातं. पात्र इतकं चिंचोळं की काठावरून ढासळलेला दगडही प्रवाहाची तऱ्हा बदलतो. तरीही सॉकाय हजारो वर्षं इथून चढत होते, कारण कड्यांच्या खाचाखोचांत पाणी मंदावतं आणि मासा तिथे दम खातो. न्लाकाप्मुख आणि स्टोलो लोकांना या जागा नेमक्या ठाऊक होत्या; तिथेच लाकडी मचाण बांधून लांब दांड्याच्या जाळ्याने ते पिढ्यान्‌पिढ्या मासे काढत.

१८८० च्या दशकात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे या घळीतून गेली, तेव्हाच बराच दगड नदीत पडला होता. १९११ नंतर समोरच्या काठावरून दुसरी कंपनी, कॅनेडियन नॉर्दर्न पॅसिफिक, रूळ टाकू लागली. सुरुंगाने फोडलेला दगड दूर वाहून नेण्यापेक्षा खाली लोटणं स्वस्त पडतं. नदी तो वाहून नेईल असं धरून चालले असावेत. नदीने नेला नाही. माशांच्या विसाव्याच्या खाचा भरल्या, पात्र आणखी आवळलं.

१९१३ च्या उन्हाळ्यात बॅबकॉक तिथे पोचले तेव्हा घळीखाली सॉकायची दाटी झाली होती. मासे उसळी घेत, धारेत सापडत आणि मागे फेकले जात; पुन्हा येत, पुन्हा फेकले जात. थकलेले मासे खाली वाहून जात आणि जो मिळेल त्या ओढ्यात शिरत. घळीखालचे छोटे ओढे अशा परक्या माशांनी भरले आणि तिथे त्यांचा खच पडला. पुष्कळ माद्या अंडी पोटात घेऊनच मेल्या. त्या साली गुलाबी सॅल्मनचीही मोठी खेप होती; तीही अडली. क्वेनेलच्या वाटेवर त्या वर्षी साडेपाच लाखांच्या आसपास मासे मोजले गेले. चार वर्षांपूर्वी ४० लाख होते.

दगड फोडून वाटा मोकळ्या करण्याचं काम शरदात सुरू झालं खरं. पण फेब्रुवारी १९१४ मध्ये रेल्वेच्या बोगद्याजवळचा कडाच खाली आला आणि आधीच्या कचऱ्यावर मोठी दरड बसली. त्या उन्हाळ्यात टोपल्या, जाळी आणि लाकडी पन्हळ वापरून मासे अडथळ्यापलीकडे नेले गेले. या कामात आदिवासी कोळी पुढे होते. जाळं कुठे टाकायचं हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. आणि याच सुमारास घळीतल्या त्यांच्या मासेमारीवर सरकारने बंधनं घातली. दगड रेल्वेने टाकलेला, तीन कोटी मासे डब्यांत गेलेले, आणि मासे वाचवण्याच्या नावाखाली जाळी आवरायला सांगितलं ते वर्षाचं अन्न वाळवून ठेवणाऱ्यांना. घळीच्या वर राहणाऱ्या सेक्वेपेम्क आणि त्सिल्कोटिन लोकांपर्यंत मासा पोचलाच नव्हता. मासळी वाळवायच्या त्यांच्या मांडवांवर हिवाळ्यासाठी फारसं काही चढलं नाही.

१९१५ पर्यंत दरड बरीचशी काढली गेली. अभियंत्यांनी पाहिलं, मासे वर जाताना दिसले, आणि काम फत्ते झाल्याचं जाहीर झालं. त्यात लबाडी नव्हती. ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी मासे जात होते.

चार वर्षांनी बिल आलं. १९१७ हे मोठं वर्ष असायला हवं होतं. पेट्या निघाल्या साडेपाच लाखांच्या आसपास. युद्धामुळे डबाबंद माशाला भाव होता, म्हणून उरलेल्यांवरही जोरात जाळी पडली. क्वेनेलला त्या साली सत्तावीसेक हजार सॉकाय पोचले. १९२१ मध्ये एकूण पेट्या दीड लाखही भरल्या नाहीत. चारांतलं ते मोठं वर्ष कॅलेंडरातून पुसलंच गेलं.

पुढची वीस वर्षं उपायांची चर्चा बरीच झाली, त्यातलं कामाचं थोडं. अंडी उबवून पिल्लं सोडणारी केंद्रं हा तेव्हाचा लाडका उपाय. १९२५ पासून रसेल फर्स्टर यांनी कल्टस तळ्यावर त्याची परीक्षा घेतली. तळ्याच्या तोंडाशी कुंपण घालून वर जाणारे मोठे मासे आणि खाली येणारी पिल्लं, दोन्ही मोजायची. काही वर्षं माशांना मोकळं विणू द्यायचं, काही वर्षं केंद्रातली पिल्लं सोडायची. दहा वर्षांच्या मोजणीनंतर उत्तर मिळालं: केंद्रांमुळे खर्चाच्या मानाने काहीच पदरात पडत नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने सॉकायची केंद्रं बंद केली. सरकारी योजना आकडे पाहून बंद झाल्याची उदाहरणं कुठल्याच देशात फारशी नाहीत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

दुसरा उपाय म्हणजे कॅनडा-अमेरिका करार. मासा फ्रेझरचा, पण समुद्रातून येताना तो अमेरिकन पाण्यातून येतो, आणि तिथले कोळी कॅनडापेक्षा जास्त मासे काढत. १९३० साली करार झाला. अमेरिकेच्या बाजूने तो सात वर्षं लोंबकळला. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात जनमताने माशांचे कायमचे सापळे बंद झाले, अमेरिकन वाटा घटला आणि मग १९३७ मध्ये कराराला मंजुरी मिळाली. त्यासाठी घातलेली एक अट मोठी गमतीची होती. नव्या आंतरराष्ट्रीय आयोगाने माशांच्या दोन पिढ्या, म्हणजे आठ वर्षं, फक्त अभ्यास करायचा. मासेमारीवर नियम लादायचे नाहीत. ही अट आयोगाचे हात बांधायला घातली गेली होती. मासेमारीला हात लावता येत नाही म्हटल्यावर आयोगाने सगळी ताकद नदीवर लावली.

संशोधनाची सूत्रं विल्यम थॉम्पसन यांच्याकडे आली. १९३८ पासून त्यांची माणसं हेल्स गेटच्या खडकांवर उभी राहून जाळ्याने सॉकाय काढू लागली. पाठीच्या परापाशी सुई घालून दोन्ही बाजूंना रंगीत चकत्या अडकवायच्या, चकतीवरचा क्रमांक, तारीख आणि पाण्याची पातळी लिहायची, मासा परत सोडायचा. वर, शेकडो किलोमीटर दूरच्या ओढ्यांवर दुसऱ्या तुकड्या मेलेल्या माशांत त्याच चकत्या शोधत. हजारो चकत्यांनंतर चित्र दिसू लागलं. पाणी एका पातळीत असलं की चकतीवाला मासा सरळ वर जाई. दुसऱ्या पातळीत तोच मासा त्याच खडकापाशी पुन्हा पुन्हा जाळ्यात सापडे, आठवडा उलटला तरी तिथेच. काही चकत्या तर घळीच्या खालच्या ओढ्यांत मिळाल्या. १९१५ च्या अभियंत्यांची चूक इथे उघडी पडली: दार उघडं होतं, पण रोज नव्हे. १९४१ मध्ये पाणी नेमकं वाईट पातळीत दीर्घकाळ रेंगाळलं आणि घळीखाली पुन्हा १९१३ सारखी दाटी झाली. यावेळी ती क्रमांकांसह नोंदली गेली.

मग बांधकाम. वॉशिंग्टन विद्यापीठात घळीची प्रतिकृती करून त्यात पाणी सोडलं गेलं आणि मायलो बेल या अभियंत्याने माशांसाठी नव्या धर्तीचा जिना आखला. काँक्रीटच्या लांब पन्हळीत ओळीने आडव्या भिंती, आणि प्रत्येक भिंतीत तळापासून माथ्यापर्यंत उभी फट. नदी चढो वा उतरो, फटीतून जाणाऱ्या पाण्याचा जोर फारसा बदलत नाही आणि दोन भिंतींच्या मधल्या टाक्यात मासा दम खाऊ शकतो. दगडांनी बुजवलेल्या खाचा अशा काँक्रीटमध्ये परत मिळाल्या. महायुद्ध चालू असताना काम सुरू झालं. १९४५-४६ मध्ये दोन्ही काठांचे जिने तयार झाले. अशा उभ्या फटींचे जिने पुढे जगभर बांधले गेले. घळीच्या वरच्या भागातून नाहीसा झालेला गुलाबी सॅल्मन यानंतर तिथे पुन्हा दिसू लागला.

सगळं श्रेय जिन्यांना द्यावं का? १९४७ मध्ये विल्यम रिकर या कॅनेडियन शास्त्रज्ञाने स्पष्ट नाही म्हटलं. जाळ्यात सापडून चकती लागलेला मासा आधीच थकलेला, त्यावरून सगळ्यांचा निवाडा कसा करता, हा त्याचा सवाल. त्यात, फ्रेझरच्या खोऱ्यातल्या अ‍ॅडम्स नदीचा कळप जिन्यांच्या कितीतरी आधीच वाढायला लागला होता. म्हणजे मूळ रोग बेसुमार मासेमारीचा असला पाहिजे. मला वाटतं थॉम्पसन आणि रिकर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. घळीने मासे मारले हे खरं, आणि दरडीकडे बोट दाखवणं दोन्ही देशांच्या कॅनरीवाल्यांना सोयीचं होतं हेही खरं.

त्या काळात बसलेली मोजणीची घडी बरीचशी आजही तशीच आहे. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडम्स नदीवर छातीपर्यंतचे रबरी बूट घातलेली माणसं थंडगार पाण्यात एका रांगेत चालतात. विणीच्या आधी काही माशांना चकत्या लावलेल्या असतात. पुढे मासे मरून काठाला लागले की खरं काम सुरू होतं. मेलेला मासा आकड्याने ओढायचा, नर की मादी पाहायचं, चकती आहे का पाहायचं. काही माद्यांचं पोट चिरून अंडी टाकली होती की पोटातच राहिली ते नोंदवायचं. अंड्यांसकट मेलेली मादी पोचली, पण विणली नाही. काही माशांचे खवले आणि कानातले इवलेसे खडे काढून घ्यायचे, कारण त्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं असतात. शेवटी कोयत्याने माशाचे दोन तुकडे करून पाण्यात टाकायचे. तुकडे केले नाहीत तर पुढच्या फेरीत तोच मासा पुन्हा मोजला जाईल. कुजक्या मासळीचा वास कपड्यांत मुरतो, आणि पलीकडच्या काठावर तोच मेवा खायला अस्वल आलेलं असू शकतं.

हिशेब साधा आहे. समजा हजार माशांना चकत्या लावल्या आणि मेलेल्या पाच हजारांत पन्नास चकत्या सापडल्या. शंभरात एक; म्हणजे एकूण आले लाखभर. लहान ओढ्यांवर इतका खटाटोप परवडत नाही. तिथे पायी किंवा हेलिकॉप्टरमधून मोजायचं, सर्वांत जास्त दिसलेले जिवंत मासे आणि तोवरचे मेलेले यांची बेरीज करायची आणि तिला १.८ ने गुणायचं. ढोबळच, पण वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने केलेलं, त्यामुळे चढउतार कळतो.

या नोंदींचा सर्वांत मोठा उपयोग न बांधलेल्या एका धरणात दिसतो. शेजारची कोलंबिया नदी विजेसाठी धरणांनी बांधून टाकली गेली, आणि ग्रँड कूलीच्या वरचा सॅल्मन संपला. फ्रेझरवरही लिलुएटच्या वर मोरान इथे अवाढव्य धरण घालायचा बेत अनेक वर्षं घोळत होता. विरोधकांच्या हातात भावनेबरोबर आकडेही होते: कुठल्या ओढ्यात किती मासे, ते केव्हा जातात, वाट अडली तर काय होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बेत मागे पडला. फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर आजही एकही धरण नाही.

१९८५ मध्ये नवा करार होऊन जुन्या आयोगाचं काम वाटलं गेलं. विणीच्या जागांची मोजणी कॅनडाच्या मत्स्यखात्याकडे आली. मोजलं म्हणजे कळलं असं मात्र नाही. २००९ मध्ये एक कोटीहून जास्त सॉकाय येतील असा अंदाज होता, आले चौदा लाखांच्या आसपास. सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचं काम चालू असतानाच २०१० मध्ये जवळपास तीन कोटी मासे नदीपाशी आले, १९१३ नंतर प्रथमच इतके. २०१२ च्या अहवालात ७५ शिफारशी होत्या, कोणा एकावर खापर नव्हतं. तापणारं पाणी, समुद्रातला बदल, मत्स्यशेती, रोग, सगळ्यांवर थोडा थोडा संशय.

आणि मग पुन्हा दरड. २०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लिलुएटच्या उत्तरेला बिग बार इथे कडा कोसळला. १९१३ मध्ये निदान बॅबकॉक हेल्स गेटला जाऊन उभे होते. बिग बारच्या निर्जन घळीत जून २०१९ पर्यंत कोणाला पत्ता नव्हता. दरड कधी पडली ते नंतर उपग्रहाची छायाचित्रं मागे मागे पाहून ठरवावं लागलं. हेलिकॉप्टरला टाक्या बांधून सुमारे साठ हजार मासे पलीकडे नेले गेले, तरी हंगामात सर्वांत आधी येणारा, स्टुअर्ट नदीकडे हजार किलोमीटर चढणारा कळप त्या वर्षी जवळपास सगळा गेला. २०२० मध्ये फ्रेझरला परतलेल्या सॉकायची संख्या तीन लाखांच्या आत होती. १८९३ पासूनच्या नोंदींत इतकी कमी कधीच नव्हती.

अ‍ॅडम्सची मोठी वर्षं २०२२, २०२६, २०३० अशी येतात. व्हँकुव्हर किंवा सिॲटलकडे आपली माणसं असतील आणि त्या वर्षी ऑक्टोबरात जाणं झालं, तर व्हँकुव्हरहून चारेकशे किलोमीटरवरच्या त्सूत्स्वेक उद्यानात जरूर जा. काठावरून मासे हाताच्या अंतरावर दिसतात. पाण्यात मात्र उतरू नका आणि कुत्र्यालाही उतरू देऊ नका. पायाखालच्या खडीत अंडी असतात.